बोटीवरचं खातं आणि शेवटच्या रात्रीचं बिल



गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही गटातल्या नऊ जणी मुंबईहून गोव्याला बोटीने गेलो होतो. परत आल्यावर गावात सगळ्यांनी विचारलं, बोट लागली का, खोली कशी होती, जेवण कसं होतं. बिल किती आलं, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. आणि आमची खरी फजिती तर तिथेच झाली होती. म्हणून आज तेवढंच बोलू या.

आपल्या आज्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीत बसायच्या, तेव्हा तिकीट काढलं की खर्च जवळपास संपायचा. भाकरी-चटणी फडक्यात बांधलेली असायची. आताच्या सहलीच्या बोटीचं तसं नाही. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारी मोठी बोट आहे. शिवाय मुलगा दुबईला किंवा मुलगी सिंगापूरला असली, तर तिकडच्या बोटीवर ती आईवडिलांना हौसेने नेतात. यातल्या बहुतेक बोटींवर रोख पैसे चालतच नाहीत. चढताना प्रत्येकीला एक कार्ड मिळतं. खोलीचं दार त्यानेच उघडतं, बंदरावर उतरताना-चढताना तेच दाखवायचं आणि काही विकत घेतलं तरी तेच पुढे करायचं. पैसे हातातून जात नाहीत, फक्त खात्यावर चढत जातात. म्हणजे वाण्याकडची उधारीची वहीच की ही! फरक एवढाच, की वाण्याची वही आपल्यासमोर उघडी असते आणि ही संगणकात असते.

तिकिटात काय येतं? राहणं, मोठ्या भोजनगृहातलं जेवण, नाश्ता, बहुतेक खेळ-करमणूक. वेगळ्या खास हॉटेलातलं जेवण, थंड पेयं, बाटलीतलं पाणी, कपडे धुणं, मालिश, बोटीवरच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो, बंदरावरच्या सहली, हे बऱ्याचदा वेगळं असतं. आमच्या खोलीत टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवलेल्या होत्या. पाहुण्यांसाठी ठेवल्यात असं समजून आम्ही त्या प्यायलो. त्या बिलात आल्या. तेव्हा खोलीतल्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारावं, त्यात लाज कसली?

आता फजिती सांगतो. बोटीत चढताना खात्याला आपलं बँकेचं कार्ड जोडतात, नाहीतर रोख अनामत घेतात. आमच्यातल्या एका काकूंनी आपलं डेबिट कार्ड दिलं. अशा वेळी खर्च होण्याआधीच बोटवाले अंदाजाने काही रक्कम बँकेत अडवून ठेवतात. काकूंचे सहा हजार अडले. शेवटी त्यांचं बिल झालं दोन हजार तीनशे चाळीस, तेही खात्यातून गेलं. काकूंना वाटलं, हिशेब मिटला. घरी आल्यावर हरभऱ्याचं बियाणं आणि खत घ्यायला बँकेत गेल्या, तर पैसे खात्यात दिसतात पण निघत नाहीत! अडवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात, कधी आठवडा उलटतो. चोरी नव्हती, फसवणूकही नव्हती. पण पेरणी थांबत नाही ना.

म्हणून ज्या खात्यात घरखर्चाचे, शेतीचे किंवा फीचे पैसे आहेत, त्याचं डेबिट कार्ड बोटीवर देऊ नये. मुलाचं क्रेडिट कार्ड असेल तर ते द्यावं, त्यात रक्कम अडली तरी घरातली रोकड अडत नाही. नाहीतर सरळ रोख अनामत भरावी आणि पावती जपून ठेवावी. उरलेले पैसे शेवटी परत मिळतात.

परदेशी बोटीवर आणखी एक डोकेदुखी असते. दरपत्रकावर १२ लिहिलेलं असतं, आपल्याला ते १२ रुपयांसारखं स्वस्त वाटतं. ते असतात डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लागलं, तर झाले १४ डॉलर १६ सेंट. डॉलर ९० रुपयांनी धरला तर एक ग्लास सरबत सुमारे १,२७५ रुपयांना पडलं. वर आपली बँक परकी चलनाचे दोन ते साडेतीन टक्के लावते, ते वेगळेच. आणि सही करायला जी चिठ्ठी देतात, तिच्यावर टीप लिहायला एक रिकामी ओळही असते. सेवाशुल्क आधीच लागलेलं असेल, तर त्या ओळीवर रेघ मारून मग सही करावी.

टीपचं म्हणाल तर अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर अशी खात्यावर आपोआप चढते. १६ धरले तरी दोघांचे चार रात्रींचे १२८ डॉलर, म्हणजे साडेअकरा हजार रुपयांच्या वर. ते पैसे खोली झाडणाऱ्या, ताटं वाढणाऱ्या माणसांसाठी असतात, त्यात आपल्या कोकणातली, गोव्याची पोरंही असतात. आमचं मत असं, की ते काढून टाकायला सांगू नये. सहलीचं ठरवतानाच ते खर्चात धरावं. काही तिकिटांत ते आधीच धरलेलं असतं, तेही विचारून घ्यावं.

फोनचं बिल बोटीच्या खात्यात येत नाही, ते मागाहून फोन कंपनीकडून येतं आणि घाम फोडतं. किनारा सुटला की फोन विमानातल्यासारखा ‘फ्लाइट मोड’वर टाकावा. लहान मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवायला रिसेप्शनला पहिल्याच दिवशी सांगावं. बोटीवरच्या डॉक्टरची फीसुद्धा खात्यावरच चढते, आणि ती थोडीथोडकी नसते. रोजच्या गोळ्या आणि बोट लागू नये म्हणूनची गोळी घरूनच न्यावी.

आम्ही एक गोष्ट मात्र बरी केली. गटाची वही लिहिणारी आमची सचिव सोबत होती. रोज रात्री जेवण झालं की ती रिसेप्शनवर जाऊन आमच्या खोल्यांच्या खात्याचा कागद मागायची. फुकट मिळतो तो. मग आम्ही सगळ्या चिठ्ठ्या समोर ठेवून एकेक ओळ पडताळायचो. दुसऱ्या रात्री तिला आमच्या खोलीवर दोन ज्यूस जास्तीचे दिसले. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांचे होते ते. चिठ्ठीवरची सही आमची नाही हे दाखवल्यावर पाच मिनिटांत काढून टाकले. हेच उतरायच्या सकाळी कळलं असतं तर? त्या सकाळी रिसेप्शनपुढे रांग लागते, सामान आधीच गेलेलं असतं आणि सगळ्यांना उतरायची घाई असते. घरी आल्यावर तक्रार करायची तर पत्रापत्रीच. तेव्हा शेवटचं बिल आदल्या रात्रीच मागून घ्यावं आणि चूक असेल तर तेव्हाच सांगावी. रोख अनामत ठेवली असेल तर ती केव्हा परत देतात तेही त्याच वेळी विचारावं.

परदेशी बोटीवर कार्डाने पैसे देताना ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारलं, तर नको म्हणावं. बोटीच्या चलनातच द्यावेत, रुपयांत लावलेला भाव बहुतेक वेळा महाग पडतो. तिकिटासोबत बोटीवर खर्चायला काही रक्कम भेट मिळाली असेल, तर ती आधी संपवावी. उरलेली सहसा परत मिळत नाही.

काकूंचे सहा हजार आठव्या दिवशी मोकळे झाले. तोवर बियाण्याला गटातून कर्ज दिलं होतं, नेहमीच्या व्याजाने. ते आठवड्याचं व्याज काकूंनी भरायचं की सहलीच्या खर्चात धरायचं, यावर मासिक बैठकीत तासभर चर्चा झाली. शेवटी नऊ जणींनी वाटून भरलं.