सनद आणि सराव

आपत्कालीन वैद्यकीय साहाय्याची सनद घरी बसून ऑनलाइन मिळवावी की वर्गात जाऊन, हा प्रश्न पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या नव्या काबिजादींतील तालुक्यांत आज अनेक तरुणांपुढे उभा आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, मोरजी-हरमलच्या किनाऱ्यांवर हॉटेले वाढली, तुये आणि डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा ठिकाणी अर्जाला प्रथमोपचाराचा दाखला जोडलेला असणे उमेदवाराच्या पथ्यावरच पडते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ४५ वे कलम तर दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवावी व ती प्रशिक्षित, दाखला असलेल्या माणसाच्याच ताब्यात द्यावी, असे बजावत होते. डिचोलीच्या खाणींनाही कायद्याने अशीच तजवीज करावी लागते.

परंतु या विद्येचे प्रयोजन नोकरीपुरते नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात २००८ पासून धावते आहे. तरीही तेरेखोलच्या पलीकडील तीरावर एखाद्याचे हृदय थांबले, तर ती पोहोचेपर्यंतची मिनिटे जवळच्या माणसालाच निभावून न्यावी लागतात, आणि रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूला इजा होऊ लागायला चारेक मिनिटे पुरतात. ३ मे २०२५ च्या पहाटे डिचोलीतील शिरगावला श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. अशा गर्दीत छातीवर चहूकडून दाब येऊन श्वासच कोंडतो, आणि त्या क्षणी कोसळलेल्याच्या सर्वांत जवळ कोणी डॉक्टर नसतो, तर हातात बेत (वेताची काठी) घेतलेला दुसरा धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्तच असतो.

ऑनलाइन शिक्षणाला सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. सर्पदंशाचेच पाहा. काजूच्या बागांतून आणि कुळागरांतून वावरणाऱ्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख असते. पण दंशाच्या जागी चिरू नये, विष चोखू नये, करकचून दोरी आवळू नये, अवयव मोडक्या हाडासारखा स्थिर ठेवून रुग्णाला चालू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे, हे ज्ञान बहुतांशी निषेधांचे आहे, आणि ते रात्रपाळी आटोपून आलेल्या माणसाला चित्रफितीतून, दोनदा-तीनदा मागे नेऊन, उत्तम कळते. पक्षाघाताची लक्षणे आणि हृदयविकाराच्या झटक्याची चिन्हेही तशीच. वर्गातील शिक्षकाला एवढी पुनरुक्ती करण्याची सवड नसते, आणि शिकणाऱ्याला पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो.

छातीवर दाब देण्याची गोष्ट मात्र निराळी. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असे दाबायचे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्णपणे वर येऊ द्यायची, हे वाचायला सोपे आहे. प्रशिक्षणाच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसलेला धट्टाकट्टा गडी पहिल्या मिनिटात जोमाने दाबतो. दुसऱ्या मिनिटात त्याच्या कोपरांना बाक येतो, दाब उथळ होतो, आणि थकल्यामुळे तो नकळत छातीवरच रेलून राहतो, म्हणजे हृदयात रक्त परत भरण्यास अवकाशच उरत नाही. काही पुतळे पुरेसा दाब पडला की 'टक्' असा आवाज करतात. तो आवाज बंद झाल्याचे ज्याच्या कानांनी एकदा टिपले, त्याला दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा हे पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने पाठाचा भाग संगणकावर ठेवला, पण प्रशिक्षकासमोर किंवा त्यासाठीच्या यंत्रपुतळ्यावर हात सिद्ध केल्यावाचून कार्ड न देण्याचा शिरस्ता सोडला नाही. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२५ मध्ये आरोग्यविषयक व संलग्न विद्याशाखांचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. तासाभरात प्रश्नोत्तरे सोडवून घरबसल्या पदरात पडणारी सनद मालकाला दाखविण्यापुरती शोभते, आणि जाणता मालक तीही नाकारतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एकच चौकशी करावी: पुतळ्यावरची परीक्षा कोठे आणि कोणासमोर होणार? उत्तर टाळाटाळीचे आले, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

अडचण आहे ती प्रत्यक्ष सरावाच्या जागेची. दोन-तीन तासांच्या सरावासाठी पेडण्याच्या तरुणाने दिवसाची मजुरी बुडवून पणजी-बांबोळीचा फेरा मारायचा, हे न्याय्य नव्हे. त्या अमेरिकन कार्डाची मुदत दोन वर्षांची असली, तरी हाताची सफाई काही महिन्यांतच ओसरू लागते, म्हणजे असे फेरे पुन्हा पुन्हा आले. पुतळ्याचे धड एका पिशवीत मावते. प्रशिक्षकाने ते घेऊन देवस्थानच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात यावे, गावकऱ्यांनी पाठ आधी मोबाइलवर पाहून ठेवावा, आणि वर्गाचा सारा वेळ गुडघ्यांवर बसून सरावातच खर्ची घालावा. शिरगावची जत्रा वैशाखात असते. त्याआधी चैत्रात धोंडांचे असे वर्ग भरविण्यास पुतळा आणि प्रशिक्षक यांखेरीज फारसे काही लागणार नाही.