बेवारस दप्तरे : एका उपेक्षित इतिहाससाधनाचा विचार

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाचा पाया खाजगी दप्तरांवर उभा आहे, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला, तो घरोघरची रुमाले उलगडून. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहही बहुतांशी घराण्यांनी स्वखुशीने दिलेल्या कागदांतूनच वाढला. ह्या घराण्यांनी कागद जपले, ते केवळ इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. वतन, इनाम आणि मानपान ह्यांचा तो पुरावा होता म्हणून. वारस होता म्हणून दप्तर टिकले, आणि दप्तर टिकले म्हणून इतिहास लिहिता आला.

तेव्हा ज्यांचा वारसा रक्ताच्या नात्याने चालत नाही, त्यांच्या दप्तरांचे काय होते? अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील तृतीयपंथी, पारलिंगी आणि समलिंगी व्यक्तींच्या इतिहासाची साधने कशी जतन करावी, ह्याचा विचार करू लागताच हा प्रश्न समोर उभा राहतो. प्रस्तुत टिपणात त्याचेच विवेचन करावयाचे आहे.

ह्या समाजाजवळ कागद नव्हतेच, असे मात्र नाही. लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई इलाख्याच्या सरकारी कागदांच्या आधारे असे दाखवून दिले आहे की, पूर्वीच्या राजवटींत हिजड्यांना जमिनीचे आणि ठराविक गावांतून भिक्षा घेण्याचे हक्क लेखी मिळालेले होते. इतर हक्कदारांप्रमाणेच तेही आपला हक्क कागद दाखवून सिद्ध करीत. हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. इंग्रजी अंमलात मात्र सार्वजनिक सभ्यतेचे कारण पुढे करून अशा हक्कांचे सरकारी संरक्षण काढून घेण्यात आले. हक्क गेला की त्याचा पुरावा जपण्याचे कारणही उरत नाही. कुलकर्ण्याचे दप्तर टिकले आणि ह्यांचे विखुरले, ह्यामागे हेही एक कारण असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

सरकारी दप्तरात ह्या व्यक्ती पुढे आढळतात त्या अर्जदार, संशयित किंवा आरोपी म्हणून. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६२ पासून लागू होते. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविले. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत आपले पत्र वा छायाचित्र जपून ठेवणे हे समलिंगी माणसास धोक्याचे होते. र. धों. कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. अशा उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. खटल्याचा इतिहास आपणांस ज्ञात आहे. ज्यांनी ते प्रश्न विचारले, त्यांचे पुढील आयुष्य मात्र छापील पानावरून कळत नाही. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात ‘इतर’ ह्या सदरात ४०,८९१ व्यक्ती मोजल्या. ही संख्या झाली. तिला इतिहास म्हणता येत नाही.

म्हणून दान मिळालेल्या संग्रहाचे महत्त्व. गुरूच्या मृत्यूनंतर घराविषयी वाद झाल्यास तो न्यायालयात जाऊ शकतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० साली गुरु-चेला वारशाची रूढी मान्यही केली. परंतु हिशेबाची वही, जुनी पत्रे, छायाचित्रे आणि कवितांची हस्तलिखिते ह्यांसाठी कोणी दावा लावीत नाही. ती जन्मघरच्या आप्तांच्या हाती पडली, तर लाजेपोटी जाळली जाण्याचा संभव असतो. अशा कागदांना वारस नेमावयाचा, तर तो संस्थारूपानेच नेमावा लागेल.

ह्याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कमधील ‘लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्ह्ज’ हा संग्रह १९७०-८० च्या दशकात एका खाजगी बिऱ्हाडात सुरू झाला. बंगळूरचा ‘कमरा’ हा संग्रह टी. जयश्री ह्यांनी अनेक वर्षे केलेल्या चित्रीकरणातून उभा राहिला आणि पुढे तेथील राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या आश्रयास आला. आपल्या जिल्ह्यातही दानाची परंपरा नवी नाही. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० पासून लोकांकडील कागद व वस्तू सांभाळीत आले आहे. दिशा पिंकी शेख ह्यांच्यासारख्या तृतीयपंथी कवयित्री ह्याच जिल्ह्यात श्रीरामपुरी राहून लिहीत आल्या आहेत. ह्या कागदांचा काळ दूरचा नाही; तो आपल्या डोळ्यांसमोरचा आहे.

तथापि राजवाड्यांची पद्धत येथे जशीच्या तशी चालणार नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रातील मजकूर प्रसिद्ध झाल्याने सहसा कोणाची नोकरी जात नाही; येथे जाऊ शकते. त्यामुळे दानपत्रात काही गोष्टी स्पष्ट असावयास हव्यात. पहिली, मुदतीची : कोणता कागद आज खुला, कोणता दात्याच्या हयातीनंतर, आणि कोणता त्याहूनही उशिरा, हे दात्याने ठरवावे. दुसरी, तिऱ्हाइताची : पत्राचा कागद दात्याचा असला, तरी १९५७ च्या कायद्यानुसार मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरही टिकतो. पत्र लिहिणारा कदाचित आज विवाहित गृहस्थ म्हणून जगत असेल. त्याची संमती दाता देऊ शकत नाही. तिसरी, क्रमाची : दात्याने ज्या क्रमाने कागद ठेवले, तो क्रम मोडू नये; कोणत्या वहीत कोणते छायाचित्र ठेवले होते, हीही माहितीच आहे.

चौथी गोष्ट नामकरणाची. सूची करणाऱ्याने दात्याने स्वतःसाठी वापरलेला शब्द प्रथम नोंदवावा. हिजडा, जोगता, पारलिंगी हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. उलटपक्षी, तमाशाच्या फडातील एखाद्या नाच्याचे छायाचित्र हाती आले, एवढ्यावरून त्याच्या खाजगी जीवनासंबंधी निष्कर्ष काढणे हेही अशास्त्रीय होय. स्त्रीवेष हा त्याचा व्यवसाय होता. त्याहून अधिक काही म्हणावयाचे, तर त्यास स्वतंत्र पुरावा हवा.

शेवटी एक व्यवहाराची बाब. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखप्रमाणपत्र मिळण्याची तरतूद केली, आणि कागद हा पुन्हा एकदा ह्या समाजाच्या हक्काचा पुरावा झाला. एकोणिसाव्या शतकात सनदा निरर्थक ठरल्या तेव्हा त्या ठेवून घेण्यास कोणतीही संस्था पुढे आली नाही. आज विद्यापीठे आहेत, संग्रहालये आहेत, प्रशिक्षित अभ्यासकही आहेत. दात्याच्या अटी लिहून घेणे आणि त्या पाळणे, एवढी शिस्त ज्या विभागात असेल, त्याने हे वारसपण पत्करावे. ती नसेल, तर कागद मागावयास जाऊ नये.