पोषणाचे काम आणि कार्यकर्त्यांचे शिक्षण

खेड्यातील दहा महिन्यांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा मऊ, स्वच्छ आणि पुरेसे अन्न मिळावे, ही अपेक्षा दिसावयास अगदी साधी आहे. परंतु ती पुरी होण्यासाठी किती खात्यांचे हात लागतात, याचा हिशेब करू गेल्यास आपण चकित होतो. धान्य व डाळ पिकते ती कृषी खात्याच्या सल्ल्याने, ते स्वस्त दरात घरी येते अन्नपुरवठा खात्याच्या दुकानातून, पाणी पंचायतीचे, लस आणि जंतावरील औषध आरोग्य खात्याचे, मुलाचे वजन घेणारी अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याची. यांपैकी कोणीही आपले काम चुकविले नाही, तरीसुद्धा मुलाच्या वाटीत पातळ पेजेखेरीज काहीच पडत नाही, असे घडू शकते. कारण वाटी ही कोणत्याच खात्याची नसते.

सहा महिने ते दोन वर्षे हा काळ मोठा नाजूक असतो. आईचे दूध आता एकटे पुरत नाही, आणि मूल रांगू लागल्यामुळे जुलाबासारखे आजार वाढतात. या काळात खुंटलेली उंची पुढे भरून काढणे फार कठीण जाते. म्हणून विविध खात्यांच्या कार्यकर्त्यांना पोषणाचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न केवळ प्रशासनाचा राहत नाही.

आपल्या देशात या दिशेने पहिला मोठा प्रयत्न १९६०च्या सुमारास ओरिसात सुरू झालेल्या व्यावहारिक पोषण कार्यक्रमाने केला. संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे त्याला साहाय्य होते. कोंबड्या पाळणे, तळ्यांत मासे सोडणे, शाळेच्या आवारात भाजीपाला लावणे, आणि हे सारे गावाने स्वतः करून गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्या आहारात आणणे, अशी ती कल्पना होती. ग्रामसेविका, शिक्षक, विस्तार अधिकारी, महिला मंडळाच्या सभासद अशा अनेकांना त्यासाठी शिक्षण देण्यात आले. कल्पना उत्तम होती. मात्र शिक्षणाचा भर राहिला तो उत्पादनावर. कोंबडीची निगा कशी राखावी हे शिकविले गेले. अंडे घरातील कोणाच्या ताटात जावे, हे त्या मानाने कमी शिकविले गेले. अंड्याला बाजारात चांगला भाव येतो, आणि गरजू कुटुंबाने ते विकणे स्वाभाविकच होते. त्यामुळे ज्या मातेसाठी आणि मुलासाठी हा खटाटोप होता, त्यांच्यापर्यंत त्याचा लाभ फारसा पोहोचला नाही.

दुसरी अडचण अशी, की शिकविण्याचा आशयही कधी कधी जुना होऊन बसतो. त्या काळी जगभर प्रथिनांच्या तुटवड्याचा फार बोलबाला होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे अनेक वर्षे प्रमुख असलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले, की गरिबांच्या आहारात मुख्य तूट आहे ती एकूण अन्नाची. पोट भरत नसेल तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचे संशोधनही याच निष्कर्षाकडे गेले. पण एकदा पाठ्यपुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यात बसलेले मत सहजासहजी हलत नाही. ज्या घरात भातच अपुरा आहे तेथे जाऊन महागड्या प्रथिनयुक्त पिठाचा उपदेश करणाऱ्या कार्यकर्त्यावर गावाने विश्वास का ठेवावा?

१९८० साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला तमिळनाडू एकात्मिक पोषण प्रकल्प यापुढे जातो, आणि म्हणून त्याची हकीकत जरा सविस्तर सांगावयास हवी. येथे कार्यकर्ती निवडली जाई ती त्याच गावातील. आणि शक्यतो अशी, की जी स्वतः गरीब असूनही जिची मुले सुदृढ आहेत. या एका अटीत मोठे शहाणपण होते. पगारदार पाहुणीने सांगितलेली गोष्ट आणि शेजारणीने स्वतः करून दाखविलेली गोष्ट, या दोहोंत अंतर असते. तिच्यावर कामेही मोजकीच सोपविलेली होती. सहा ते छत्तीस महिन्यांच्या प्रत्येक मुलाचे दरमहा वजन घ्यावयाचे, ते आलेखावर टिपावयाचे, ज्याचे वजन वाढत नसेल त्यालाच साधारण तीन महिने रोज पोषक लाडू द्यावयाचा, आणि त्याच्या आईशी बोलावयाचे. वजन समाधानकारक वाढू लागले की लाडू बंद होई.

वजन घेणे सोपे वाटते, पण तसे नाही. टांगता काटा रिकाम्या झोळीसह आधी शून्यावर आणावा लागतो. मुलाच्या अंगावरचे जाड कपडे काढावे लागतात. मूल हातपाय झाडत असता काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. आकडा डोळ्यांच्या पातळीवर वाचावा लागतो. या प्रत्येक ठिकाणी पाव किलोची चूक सहज होते, आणि या वयात पाव किलो ही एका महिन्याची वाढ असू शकते. शिवाय आलेखावरील एकटा ठिपका फारसे काही सांगत नाही. दोन-तीन ठिपके जोडणारी रेघ वर जाते की आडवी पडते, हे पाहावयाचे असते. या गोष्टी फळ्यासमोर बसून कशा येणार? म्हणूनच दर सुमारे दहा कार्यकर्त्यांमागे एक पर्यवेक्षिका ठेवलेली होती. ती गावात येऊन काम पाही आणि तेथल्या तेथे दुरुस्त करी. शेतीच्या विस्तारकार्यात रूढ असलेली, थोडे शिकवून वारंवार भेट देण्याची पद्धतच येथे पोषणाकडे आणली गेली. गंभीर कुपोषणाचे प्रमाण या भागात बरेच घटल्याचे मूल्यमापनात आढळून आले. आरोग्य खात्याशी जोड मात्र ढिलीच राहिली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना याआधीच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, ३३ प्रकल्पांत सुरू झाली होती. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तेथील सेविकेकडे पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-शिक्षण आणि बालशिक्षण अशा सहा सेवा, आणि त्यांच्या नोंदवह्या. सुरुवातीला एकदाच शिबिरात बसवून हे सारे शिकविले, की पुढे काय लक्षात राहणार? २०१८ साली पोषण अभियान आले तेव्हा या जोडीला दुसरा मार्ग धरण्यात आला. एकवीस छोटे पाठ करून, दर महिन्याच्या बैठकीत एक पाठ शिकावयाचा आणि तो त्याच महिन्यात घरोघरी वापरून पाहावयाचा.

येथे भाषेचीही एक मेख आहे. सरकारकडून मिळणारा जादा आहार आणि सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला घरी सुरू करावयाचे अन्न, या दोहोंना मराठीत आपण ‘पूरक आहार’ म्हणतो. सेविका सांगते, पूरक आहार द्या. आई समजते, पाकीट आले की द्यावयाचे. ‘वरचे अन्न’ हा घरातला शब्द अनुवादकांनी आणि शिक्षकांनी उगाचच सोडून दिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एका कडीचे शिक्षण राहून गेले तर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारी योजनांतील सर्व तांदूळ पोषणसमृद्ध करण्याची घोषणा झाली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्यांच्या आकाराचे कण बनवितात, आणि साधारणतः शंभर दाण्यांमागे असा एक कण घालतात. त्याचा रंग किंचित निराळा दिसतो, आणि पाण्यात टाकल्यावर तो कधी कधी तरंगतो. अनेक राज्यांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा उठली, आणि गृहिणी हे कण वेचून फेकू लागल्या. म्हणजे ज्याच्यासाठी खर्च झाला तेच उकिरड्यावर गेले.

हाच तांदूळ शाळेच्या स्वयंपाकघरात, अंगणवाडीत आणि स्वस्त धान्य दुकानात, अशा तीन खात्यांच्या दारांतून येतो. दुकानदाराला, स्वयंपाकिणीला आणि सेविकेला एकाच दिवशी एका चुलीभोवती बसवून, मूठभर कण शिजवून दाखविले, ते भाताप्रमाणेच मऊ होतात हे बोटांनी चेपून पाहू दिले, तर तासाभराचेच काम आहे. पाणी भरपूर घेऊन ते ओतून टाकू नये, एवढेही त्याच वेळी सांगता येते.