खसखशीचा जन्मदाखला

मराठीत खसखस पिकते ती हसण्याची. शेतात मात्र ती पिकवायची तर सरकारी परवाना लागतो, कारण खसखस आणि अफू एकाच बोंडातून येतात. हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की पाझरतो तो चीक म्हणजे अफू. तेच बोंड वाळले की आत खुळखुळतात ते दाणे म्हणजे खसखस. अनारशावर आणि करंजीच्या सारणात आपण जी हौसेने घालतो ती हीच. या दाण्यांत मुळात नशा नसते. काढणीत बाहेरून लागलेला चीक आणि बोंडाचा भुगा यांचा अंश काय तो त्यांच्यावर राहतो.

अशा निरुपद्रवी दाण्याच्या व्यापारावर जगाने नियंत्रण का ठेवावे, या कुतूहलापोटी मी कायद्याची कागदपत्रे चाळू लागलो. सुरुवातीलाच एक कंस भेटला. अमली पदार्थांविषयीचा १९६१चा आंतरराष्ट्रीय करार ‘पॉपी स्ट्रॉ’ या संज्ञेची व्याख्या करतो : कापणीनंतरचे अफूच्या झाडाचे सर्व भाग (बिया वगळून). आपल्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानेही बिया अशाच वगळल्या आहेत. गांजाच्या व्याख्येतही शेंड्यांपासून सुट्या झालेल्या बियांना सूट आहे. म्हणजे बोंड गुन्हेगार, चीक गुन्हेगार, वाळलेले टरफलसुद्धा गुन्हेगार. बी तेवढे निर्दोष. जगभरच्या स्वयंपाकघरांत आणि बेकऱ्यांत पूर्वापार असलेल्या जिनसेवर बंदी घालणे कुणालाच परवडणारे नव्हते.

पण या कंसातून एक वाट मोकळी राहिली. जिथे अफूची शेती पूर्णपणे बेकायदा आहे, तिथेही प्रत्येक पिकामागे खसखस निघतेच. अफगाणिस्तानात २०२२ साली सुमारे २,३३,००० हेक्टरवर अफू होती. तालिबानच्या बंदीनंतर २०२३मध्ये ते क्षेत्र १०,८०० हेक्टरवर आले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. एवढ्या शेतांतले बी कुठेतरी जाणारच. चीक चोरून न्यावा लागतो. बी मात्र पोत्यांत भरून राजरोस विकता आले, तर त्याच बेकायदा शेताला दुसरे, स्वच्छ दिसणारे उत्पन्न मिळते.

म्हणून १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने ठराव क्रमांक ३२ संमत केला. खसखस अशाच देशातून आयात करावी, जिथे अफूची लागवड १९६१च्या करारानुसार कायदेशीरपणे होते, असे त्याने सदस्य देशांना सांगितले. शक्य तिथे निर्यातदार देशाकडून मूळ देशाचे प्रमाणपत्र घ्यावे, निर्यातीची आगाऊ सूचना द्यावी, संशयास्पद व्यवहारांची माहिती एकमेकांना द्यावी, अशीही कलमे त्यात आहेत. २००८ आणि २०१०मध्ये व्हिएन्नातल्या अमली पदार्थ आयोगाने याच विषयावर पुन्हा ठराव केले. यावरून प्रश्न सुटला नव्हता एवढे तरी कळते.

या ठरावाची भाषा आर्जवाची आहे, हुकमाची नाही. मूळ करारानेच बी वगळले असल्याने त्याच्यावर अफूसारखे सक्तीचे निर्बंध लादता येत नाहीत. देशाने आपल्या कायद्यात उतरवला तरच हा ठराव दात धरतो. भारताने तो उतरवला. आपल्याकडे खसखस ठरावीक देशांतूनच आणता येते. ते पीक तिथे कायदेशीररीत्या घेतल्याचा त्या देशाच्या अधिकाऱ्यांचा दाखला लागतो, आणि प्रत्येक सौदा ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरकडे नोंदवावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. एका ग्रॅममध्ये दोन-तीन हजार दाणे मावतात. परवान्याच्या शेतातली पांढरी खसखस आणि बिनपरवान्याची पांढरी खसखस हातावर शेजारी ठेवली, तर डोळ्यांना फरक कळत नाही. तिसऱ्या देशातून फिरवून आणलेले पोते आणि कायदेशीर मालात मिसळलेले पोते, दोन्ही कागदावर सारखीच सोज्वळ दिसतात. त्यामुळे तपासायचा तो दाणा नव्हे, हिशोब. त्या देशात परवान्याचे क्षेत्र किती, हेक्टरी उतारा किती, घरची गरज किती. उरलेल्यापेक्षा निर्यात जास्त दिसली तर जादा माल आला कुठून?

भारताला पांढरी खसखस पुरवणारा सर्वांत मोठा देश तुर्कस्तान. तिथे १९७४मध्ये अफूवरची बंदी उठवताना बोंडांना चिरा देण्यास मनाई झाली. आता बोंडे न चिरताच सरकारी धान्य महामंडळाला विकली जातात आणि लागवडीची कमाल मर्यादा ७०,००० हेक्टर आहे. हिशोबाला एक बाजू पक्की मिळाली, असे इथे वाटते. पण पाऊस आणि थंडी उतारा वरखाली करतात, आणि गेल्या वर्षीचा साठा यंदा विकला जातो. बेरीज अशी ताणता येते. भारताने आयातीच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या, तेव्हा वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले.

या वादात माळव्यातल्या शेतकऱ्याचेही हित गुंतले आहे. नीमच, मंदसौर, चित्तोडगडकडे परवान्याने अफू पिकते. चीक पूर्णपणे सरकारला द्यावा लागतो, सरकार ठरवेल त्या भावाने. खसखस मात्र तो शेतकरी खुल्या बाजारात विकतो. वर्षभराच्या देखरेखीनंतर, मोजणी-तपासणीनंतर, हातात स्वतःचे म्हणावे असे एवढेच पीक उरते. संशयास्पद आयात स्वस्तात शिरली की पहिला फटका नियम पाळणाऱ्यालाच बसतो. महाराष्ट्रात परवान्याची अफूशेती नाही. इथे बेकायदा लागवडी पकडल्या गेल्या आहेत. वाण्याकडून आणलेली खसखस परसात पेरली, तर उगवणारे रोप कायद्याच्या लेखी अफूचेच.

देशोदेशीची मापे तर आणखी वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. मुलाबाळांसाठी फराळाचे डबे बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. त्या देशाने दाण्यालाच दोषी ठरवले. १९९९चा ठराव तसे करत नाही. तो दाण्याला निर्दोष मानतो आणि फक्त विचारतो, कुठल्या शेतातला?

मला हा प्रश्न योग्य वाटतो. सरसकट बंदी सोपी असते, पण ती माळव्यातल्या आणि अनातोलियातल्या परवानाधारकाला चोराच्या रांगेत बसवते. पूर्ण मोकळीक दिली, तर चोराला त्याच्या शेजारी मानाने बसता येते. मूळ विचारणारा नियम या दोघांत फरक करू पाहतो. मात्र जन्मदाखला दाण्यावर लिहिलेला नसतो. तो कागदावर असतो, आणि कागदाची किंमत शेत मोजणाऱ्या माणसाच्या सचोटीइतकीच असते.