पट्टीवरचा भाव कुणी भरला?

समजा, मेहकरच्या बाजार समितीत सोयाबीनची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती, छापणारा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये लिहायचाय. ‘पट्टी’ हा क्लास. त्यात वजन, भाव, हमाली, एकूण ही फील्ड. कोड न चालवता चुका शोधणारा स्टॅटिक अ‍ॅनालायझर या ऑब्जेक्टकडे कसा बघतो, याबद्दल शिकणाऱ्या मुलांचे बरेच गैरसमज असतात.

गैरसमज : ऑब्जेक्ट तयार झाला म्हणजे फील्ड भरली.

वस्तुस्थिती : फंक्शनमध्ये बनवलेल्या ऑब्जेक्टच्या भावाला किंमत दिलीच नाही, तर त्या जागी मेमरीत आधी पडलेला कचरा राहू शकतो. क्लँग या सी प्लस प्लस कंपायलरचा अ‍ॅनालायझर प्रत्येक फील्डचा वेगळा कप्पा धरतो आणि सुरुवातीला तिथे ‘किंमत नाही’ अशी नोंद ठेवतो. ‘वजन शून्याहून जास्त असेल तर भाव भर’ असं लिहिलंत, की तो दोन्ही वाटा तपासतो. दुसऱ्या वाटेवर भाव रिकामाच. तो पुढे गुणाकारात आला की इशारा मिळतो. ऑब्जेक्ट बनताना फील्ड भरणाऱ्या कन्स्ट्रक्टरच्या यादीत भाव आधी लिहूनही सुटका नाही. क्लासमध्ये ‘एकूण’ आधी जाहीर केलं असेल, तर आधी तेच भरलं जातं, कचऱ्यातल्या भावावरून!

गैरसमज : जावात आपोआप शून्य मिळतं, म्हणून धोका नाही.

वस्तुस्थिती : फील्डला शून्य मिळतं खरं, पण मग शेतकऱ्याच्या पट्टीवर भाव शून्य रुपये छापला जातो आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. फील्ड ‘फायनल’ केलं, तर मात्र ते भरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही.

गैरसमज : इशारा आला नाही, म्हणजे कोड निर्दोष.

वस्तुस्थिती : पट्टीचा पॉइंटर दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला दिला आणि त्याचा कोड समोर नसला, की क्लँगचा अ‍ॅनालायझर ‘तिथे भाव भरलाही असेल’ असं धरून चालतो. जुनी नोंद पुसली जाते, इशारा गळतो. दोष त्याच्या कामचुकारपणाचा नाही. प्रोग्राम चालताना काय करेल याचं अचूक उत्तर प्रत्येक वेळी देणारं साधन बनूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 च्या लेखात सिद्ध केलंय.

इशारा घालवायला भावात शून्य टाकणं हा मला सर्वांत वाईट उपाय वाटतो. त्याने चूक झाकली जाते. त्यापेक्षा कन्स्ट्रक्टरलाच भाव मागायला लावा, आणि भाव ठरेपर्यंत पट्टी बनवू नका.