गिअर टाकतांना होणारी खरखर : दोष कोठें आहे तो कसा ओळखावा

बैल लंगडूं लागला तर शेतकरी प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो. बैल लगेच बाजारांत नेत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र आपली रीत उलट असते. गिअर टाकतांना ‘खर्र’ असा आवाज येऊं लागला, कीं मालक गाडी मिस्त्रीच्या हवालीं करतो आणि ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ एवढें ऐकून घरीं येतो. गिअरबॉक्स उतरविणें हें मोठ्या मजुरीचें काम आहे. पुष्कळदां मूळ दोष गिअरबॉक्समध्यें नसून क्लचमध्यें असतो, व तो थोडक्या खर्चांत दूर होण्यासारखा असतो. म्हणून गाडी दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं मालकानें स्वतः कोणती परीक्षा करावी, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम आवाजाचें कारण पाहूं. हल्लींच्या मोटारींत पुढें जाण्याच्या गिअरांचीं दांतेरी चाकें नेहमींच एकमेकांत गुंतलेलीं असतात. आपण दांडा हलवितों तेव्हां एक कडें सरकून त्याचे दांते इच्छित चाकाच्या बाजूस असलेल्या बारीक दांत्यांत बसतात. दोहोंची फिरण्याची गति सारखी असेल तरच ते निमूटपणें बसतात. ही गति जुळविण्याकरितां मध्यें बहुधा एक पितळी कडें असतें. त्यास सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. अशी योजना असलेल्या गाड्या अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें प्रथम १९२८ सालीं बाजारांत आणल्या. त्यापूर्वीं गति जुळविणें हें चालविणाऱ्याच्या कसबावर असे. तात्पर्य, गिअर मुकाट्यानें पडण्यास दोन गोष्टी लागतात : क्लचनें इंजिनाचा संबंध पूर्णपणें तोडला पाहिजे, आणि पितळी कड्यानें गति जुळविली पाहिजे. यांपैकीं एक जरी चुकली, तरी दांते दांत्यांवर घासतात.

महसूल खात्याच्या नोकरींत एक शिस्त अंगीं बाणते. ती अशी कीं, जागेवर पंचनामा झाल्यावांचून निकाल देऊं नये. तीच येथें उपयोगी पडते. आवाज सर्व गिअरांत येतो कीं एकाच? गाडी थंड असतांना येतो कीं तापल्यावरहि? वरचा गिअर टाकतांना येतो कीं खालचा? हीं उत्तरें कागदावर लिहून ठेवावीं. पुढील परीक्षा त्यांच्याच आधारें करावयाच्या आहेत.

पहिली परीक्षा. सपाट जागीं हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावे. एखादा दांता समोरासमोर आल्यास गिअर क्वचित् अडतो. तेव्हां क्लच एकदां सोडून पुन्हां दाबावा. तरीहि सर्वच गिअर जड जात असतील, तर दांड्याची जोडणी किंवा केबल तपासावी. इंजिन बंद असतां सर्व गिअर सहज पडतात, पण चालू असतां सगळेच ओरडतात, असें असल्यास संशय क्लचवर घ्यावा.

दुसरी परीक्षा. पुढेंमागें कोणी नाहीं असें पाहून, हँडब्रेक ओढून, इंजिन मंद चालू ठेवावें. न्यूट्रलमध्यें क्लच तळापर्यंत दाबावा, मनांत पांचपर्यंत मोजावें आणि मग रिव्हर्स टाकावा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला पितळी कडें नसतें, म्हणून घाईनें टाकल्यास निर्दोष गाडींतहि आवाज होतो. पण एवढें थांबल्यावर आंतील फिरणें बंद झालेलें असावें. तरीहि खरखर झाली, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें.

क्लच न सुटण्याचीं कारणें स्वस्तापासून महागाकडे तपासावीं. पायाखालीं दुहेरी चटई किंवा पोतें असल्यास क्लच तळापर्यंत जातच नाहीं. केबलचा क्लच असल्यास ती सैल झालेली असते. तिचा ताण गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें जुळवावा. तेलाचा क्लच असल्यास डबींतील तेलाची पातळी पाहावी. पायानें चारपांचदां भराभर दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर नळींत हवा शिरली आहे किंवा कोठें तरी गळती आहे. कित्येक गाड्यांत क्लच व ब्रेक यांची डबी एकच असते. तेथें तेल कमी झाल्यास गाडी रस्त्यावर नेऊं नये. डबीच्या झांकणावर लिहिलेल्या प्रतीचेंच तेल घालावें. इंजिनाचें तेल घातल्यास आंतील रबर फुगून नासतें. पावसाळाभर गाडी उभी राहिल्यास क्लच प्लेट गंजून चिकटते, हेंहि ध्यानांत असावें. हें सर्व निर्दोष ठरलें, तरच प्लेट व बेअरिंग यांकरितां गिअरबॉक्स उतरविण्यास संमति द्यावी.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारांस ऐन हंगामांत गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांच्या गाडीचे सर्व गिअर इंजिन बंद असतां सुरळीत पडत होते, आणि डबींतील तेल मात्र निम्म्यावर आलें होतें. खालच्या क्लच सिलिंडरचें रबर बदलतांच खरखर थांबली.

तिसरी परीक्षा. आवाज एकाच गिअरांत, विशेषतः दुसऱ्या वा तिसऱ्यांत, गाडी चालतांना येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर क्लच दोनदां दाबून पाहावा : दाबून न्यूट्रल करावें, सोडावा, पुन्हां दाबून गिअर टाकावा. खालचा गिअर टाकतांना क्लच सुटलेला असतां थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. या रीतीनें आवाज नाहींसा झाला, तर पितळी कडें झिजलें आहे. येथें मात्र मिस्त्रीचें म्हणणें खरें मानावें.

चौथी परीक्षा तेलाची. केवळ गारठ्यांत सकाळीं त्रास होऊन पुढें तो कमी होत असेल, तर गिअर ऑइल कमी, जुनें किंवा चुकीच्या प्रतीचें असावें. पुस्तकांत जी.एल.-४ लिहिलें असतां जी.एल.-५ घालूं नये. त्यांतील कांहीं तेलें पितळेस बाधतात. तेल काढल्यावर चुंबकावर करडा लगदा दिसणें साहजिक आहे. तेलांत पिवळी चकाकी दिसल्यास कड्याची झीज, व पोलादाच्या कपच्या आढळल्यास दांते तुटले असें जाणावें.

एक सूचना ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस. अनेक ट्रॅक्टरांत असें कडें नसतें. ते थांबवूनच गिअर बदलावा लागतो. तेथें धांवत्या गाडींत झालेली खरखर हा यंत्राचा दोष नव्हे.

शेवटीं एवढेंच कीं, आवाज येत असतां दांडा जोरानें रेटून दिवस काढूं नयेत. प्रत्येक खरखरीबरोबर दांते झिजतात, आणि आज रबराच्या एका तुकड्यावर भागणारें काम उद्यां खरोखरच गिअरबॉक्सवर जातें.