ट्यूनरचा हिरवा दिवा आणि तानपुऱ्याचा गांधार

क्लिप-ट्यूनर आता गाणे शिकणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत असतो. तो घेताना मात्र काही चुकीच्या समजुती हमखास आड येतात.

‘गिटारचा ट्यूनर तानपुऱ्याला चालेल’ ही त्यातली पहिली. फक्त गिटारसाठी केलेला ट्यूनर तिच्या सहा तारांचेच स्वर ओळखतो. त्यात काळी एकचा षड्ज सापडत नाही. बाराही स्वर ओळखणारा, म्हणजे क्रोमॅटिक ट्यूनरच मागा.

‘हिरवा दिवा लागला की सूर लागला’ हा समज जास्त नुकसान करतो. सप्तकाचे १२०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. चांगल्या क्लिप-ट्यूनरची अचूकताही साधारण एक सेंट इकडेतिकडे असते. काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्यात जोडीची एक तार एक सेंट चढी आणि दुसरी एक सेंट उतरी राहिली, तरी दोन्ही तारांवर हिरवाच दिवा दिसेल. पण जोड एकत्र छेडली की साधारण सहा सेकंदांना एक अशी संथ लहर ऐकू येते. ती फक्त कानाने घालवता येते, मणी केसभर सरकवून.

याहून मोठी गफलत स्वरमंडळ लावताना होते. ट्यूनरचे स्वर समान अंतरांचे, म्हणून त्याचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ३८६ सेंटवर असतो. भूपासाठी स्वरमंडळाचा गांधार हिरव्या दिव्यावर लावला, तर तो तानपुऱ्याच्या गांधारापेक्षा चौदा सेंट चढा राहतो आणि कानाला टोचतो. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा. म्हणून नुसते दिवे दाखवणारा ट्यूनर घेऊ नका. सेंटचे आकडे दाखवणारा घ्या, म्हणजे काटा उणे चौदावर आणता येतो. शेवटचा कौल अर्थात कानाचाच.

पेटी ४४०लाच मिळवलेली असते, हेही गृहीत धरू नका. पेटीचा ‘ए’ वीस सेंट चढा निघाला तर ट्यूनर ४४५ला ठेवावा लागतो. ही सोय आहे का, ते घेण्याआधी बघा.

मोबाइलवरच्या ॲपला उगाच नावे ठेवली जातात. शांत खोलीत चांगले ॲप अगदी पुरते. मैफलीआधी शेजारी तबला मिळवणे चालू असेल, तर मात्र फोनचा माइक गोंधळतो. क्लिप लाकडाची थरथर टिपते, म्हणून तिथे तीच हवी.

शक्यतो आपला तानपुरा सोबत घेऊनच खरेदीला जा आणि खर्जाची तार हळुवार छेडून पाहा. जवारीमुळे त्यात वरचे स्वर इतके उमटतात की कच्चा ट्यूनर षड्जाऐवजी मधूनच पंचम दाखवू लागतो. खर्जावर ज्याचा काटा स्थिर राहील तोच घ्या, मग तो स्वस्त का असेना.